आधी दिवा, मग माणूस

हरिपूर रस्ता, सांगली
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

ती. काकी,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुला नुसती खरखर ऐकू येते आणि मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात, म्हणून पुन्हा कागद-पेन. ऋषिराज चिडवतो, म्हणतो, पोस्ट खातं तुमच्या दोघींच्या जिवावर चाललंय. मी म्हटलं, जिनं आईविना पोर वाढवली आणि पाटीवर बाराखडी गिरवून घेतली, तिला माझं अक्षर बघायचा हक्क आहे.

घर लागलं एकदाचं. विश्रामबागेतला भाड्याचा फ्लॅट सोडला. हे जुनं बैठं घर आहे, मागं मोठं परसू. तुझ्या माहेराच्या वाटेवरच, पण तू माहेरचं नावसुद्धा काढत नाहीस, तेव्हा तुला काय त्याचं. आम्ही ठरवलंय, या घरात जमिनीला किंवा पाण्याला जड होईल असं काही आणायचं नाही. भांड्यांना राख, कपड्यांना रिठे, धान्यात कडुलिंबाचा पाला. डांबरगोळ्या बंद, फिनेल बंद. जुन्या साड्यांचे पडदे शिवलेत. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडलंय आणि ओला कचरा फुटक्या रांजणात कुजवतो. परसात आणि पोटमाळ्यावर सौर दिवे आहेत. ऋषिराज कुपवाडच्या कारखान्यातून आला की हातात फावडं घेतो. कॉलेजच्या ऑफिसातून मी येईपर्यंत त्यानं एक तरी खड्डा खणलेला असतो.

आता खरी बातमी. परवा केळीचं आळं वाढवताना पहार ठणकन वाजली. माती सारली तर दगडी झाकण, आणि त्याच्याखाली पोकळ. शेजारी बिराप्पांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ते बघायला आले आणि म्हणाले, "हे हळदीचं प्येव हाय वैनी. पूर्वी हितं घरोघरी हुती." जमिनीत खणलेलं कोठार! तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं आणि पोट रांजणासारखं फुगीर. हळद शीतगृहात जाऊ लागल्यापासून बंद पडलेलं. ऋषिराजला तर घबाड मिळाल्यासारखं झालंय. गाळ काढायचा, आतून चुन्याचा गिलावा द्यायचा आणि पावसाळ्याच्या आत छपराचं पाणी त्यात सोडायचं. सिमेंटची टाकी बांधायला नको, प्लास्टिकची आणायला नको.

तू हरिपूरची. तुला पेवातलं कळत असेल. लिही सगळं.

तुझी,
सृष्टी

*

उंब्रज
५ एप्रिल २०२५

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राखेनं भांडी घासतेस हे वाचून हसावं की रडावं कळेना. अगं, तुझ्या काकांनी मिलिटरीच्या कॅन्टीनमधून पहिली साबणाची वडी आणि लाल प्लास्टिकची बादली आणली तेव्हा मी आळीतल्या बायकांना चहाला बोलावून दाखवली होती. आमची राखेतून सुटका झाली आणि तू पैसे देऊन शिकलेली पोर पुन्हा राखेत हात घालतेस. घाल बाई. हाताला तेल लावत जा म्हणजे भेगा पडणार नाहीत.

माझा गुडघा अजून वाकत नाही. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, पण यष्टीची पायरी चढवत नाही. म्हणून घर बघायला आले नाही, मनात काही आणू नकोस.

पेव बुजवून टाक. दोन ट्रॉल्या मुरूम लागेल. आमच्या टेम्पोवाल्या जोतिबाला सांगितलं तर तो कुठून तरी स्वस्तात पाठवील. पाणी साठवायचं तर अंगणात बांधा, छपरावर बांधा, पण त्या भोकात नको. झाकण पुन्हा बसव आणि वर जड काहीतरी ठेव. ऋषिराजला सांग, काकीनं शब्द टाकलाय.

यापुढं त्याविषयी विचारू नको. कैऱ्यांचं लोणचं घातलंय, जोतिबा भाजी घेऊन सांगलीच्या मार्केटला आला की बरणी देईल. बरणी चिनीमातीची आहे, तेव्हा तुझ्या घरात चालेल.

तुझी काकी,
अंजना

*

हरिपूर रस्ता, सांगली
१३ एप्रिल २०२५

ती. काकी,

नमस्कार. लोणचं मिळालं, निम्मं संपलंसुद्धा.

पण तुझं पत्र वाचून मी जरा खट्टू झाले. "विचारू नको" हे तू मला शाळेत असतानासुद्धा कधी म्हणाली नाहीस. ऋषिराजला तुझा निरोप सांगितला. तो म्हणाला, कारण सांगा, मग बुजवतो. त्याचंही चुकत नाही. कारखान्यात तो लाकडी साचे बनवतो, मापात एक दोरा इकडंतिकडं झालेलं त्याला खपत नाही, तर असलं मोघम बोलणं कुठून खपणार.

भुताखेताचं काही असेल तर तसं लिही. आमच्या गल्लीतल्या रंगुबाईंनी आधीच सांगून झालंय की पेवाला धनी असतो आणि तो माणूस मागतो. त्यांना मी हसले. पण काकी, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मला त्या भोकाकडं पाठ करून उभं राहवत नाही. कपडे वाळत घालतानासुद्धा मी तिरकी उभी राहते. झाकण काढलं की आतून ओलसर, गोडूस, कोंदट वास येतो.

आणि परवा एक वाईट झालं. शेजारच्या मांजरीचं पिल्लू आत पडलं. थोडा वेळ ओरडलं. मी दोरीला टोपली बांधून खाली सोडेपर्यंत गप्प झालं. त्याची आई संध्याकाळपर्यंत तोंडाशी बसून होती. ऋषिराज म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडलं, मुका मार लागला असेल. तसंच असेल. पण त्याचा आवाज कमी कमी होत गेला तो माझ्या कानातून जात नाही.

आम्ही माघार घेणार नाही हे तुला कळलंच असेल. पावसाचं पाणी साठवण्यासाठी आयता हौद मिळाला असताना तो बुजवून सिमेंटची टाकी बांधायची, तर मग हे घर असं लावायचा सगळा खटाटोपच कशाला केला? तेव्हा भिऊ नको, आणि निदान काय जपायचं तेवढं सांग.

तुझी,
सृष्टी

*

उंब्रज
१९ एप्रिल २०२५

चि. सृष्टीस आशीर्वाद.

पिल्लाचं वाचलं आणि मला त्या रात्री घास गेला नाही. भूत नाही गं. भूत असतं तर अंगारा पाठवला असता.

तुम्ही ऐकणार नाही हे दिसतंय. मग माझ्या माहेरची रीत पाळ. पेवाचं झाकण काढलं की चार-आठ दिवस तोंड उघडं ठेवायचं. मग काठावर नारळ फोडायचा. मग दोरीला बांधून दिवा खाली तळापर्यंत सोडायचा आणि थांबायचं. दिवा वर आल्याशिवाय माणूस उतरायचा नाही. आधी दिवा, मग माणूस. हरिपुरात लहान पोरालासुद्धा हे पाठ होतं. आणि उतरायचं ते कामापुरतं, वर किमान चार माणसं असताना. गप्पा मारत बसायचं नाही.

का, ते विचारू नको. पेवाच्या तोंडाशी तसलं नाव काढत नाहीत, आणि मला तर कागदावरही काढवत नाही. तू माझं एवढं ऐक.

दिवा सोडलास की लगेच कळव. तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

काकी

*

हरिपूर रस्ता, सांगली
१ मे २०२५

ती. काकी,

नमस्कार. आज सुट्टी होती, म्हणून तुझी सगळी रीत यथासांग पार पाडली. तेव्हा आता सुखानं झोप.

तोंड चांगलं आठ दिवस उघडं ठेवलं. रात्री तेवढं झाकत होतो, कारण गल्लीतली कुत्री फिरतात, आणि पिल्लाचं झालं तसं पुन्हा नको. आज सकाळी नारळ फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं. रंगुबाई म्हणाल्या, धनी राजी झाला. ऋषिराज लांबून हात बांधून बघत होता, पण मध्ये बोलला नाही. काकीचं मन राखायचं एवढं त्यालाही कळतं.

मग दिवा. घरात रॉकेल नाही आणि कंदीलही नाही. समई सोडावी म्हटलं तर तेल सांडणार. म्हणून पोटमाळ्यावरचा सौर कंदील दोरीला बांधला आणि पार तळाला टेकवला. काय सुंदर उजेड पडला काकी! भिंती अजून पिवळसर आहेत. तळाला काळा गाळ साचलाय, पुराच्या पाण्याबरोबर आलेला पालापाचोळा त्यात कुजलेला दिसतो. दुपारभर कंदील आत ठेवला. वर काढला तेव्हा जसाच्या तसा जळत होता. मला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस मनात जी भीती बसली होती ती त्या उजेडानं गेली. तुमच्या लोकांनी ही रीत त्यासाठीच ठेवली असेल, नाही का? अंधाराची भीती घालवायला.

येत्या रविवारी ऋषिराज उतरणार आहे. बिराप्पांकडून लोखंडी शिडी आणलीय. हे काही गटार नव्हे, हळदीची स्वच्छ जागा, एका दिवसात गाळ निघेल. मी वर बादली ओढायला असेन.

तुझी,
सृष्टी

*

उंब्रज
सोमवार, ५ मे २०२५

सृष्टी,

आत्ता पोस्टमन पत्र देऊन गेला. आज सोमवार आहे. तू लिहिलेला रविवार काल होऊन गेला.

जोतिबाला बोलावून तुला फोन लावायला लावला. वाजतोय म्हणतो, कुणी उचलत नाही. ऋषिराजचा बंद लागतो. पुन्हा लावला. पुन्हा लावला. तो म्हणतो, "काकी, कामावर असतील, उगं जिवाला लावून घिऊ नगा." मी त्याला टेम्पो काढायला लावलाय. तो डिझेल भरून येईपर्यंत हे लिहिते आहे. घाईचं अक्षर आहे, समजून वाच. माझ्या अंगात यष्टीत चढायचं बळ असतं तर हे लिहीत बसले नसते.

बाई, दिवा वातीचा लागतो. वात जळायला हवा लागते, जशी आपल्याला लागते. पेवात हवा मरते. वर्षानुवर्षं बंद राहिलं, आत काही कुजलं की मरते, आणि ती मेलेली हवा तळाला पाण्यासारखी बसून राहते. वास येईल न येईल, डोळ्यांना काही दिसत नाही. वातीचा दिवा तिच्यात बुडाला की विझतो. विझला की समजायचं, खाली माणूस जगणार नाही. तुझा सौर कंदील तिथं वर्षभर जळेल. त्याला कुठं श्वास घ्यायचा असतो?

माझे वडील हमाल होते. पेवातली हळद पोत्यात भरून वर काढायचं काम. एकदा व्यापाऱ्याची गाडी खोळंबली होती म्हणून दिवा न सोडता उतरले. खालून एकदा खोकल्याचा आवाज आला, तेवढाच. माझा थोरला भाऊ नानासो काठावर होता. "आबा" म्हणून ओरडला आणि कुणी धरायच्या आत खाली गेला. तोही वर आला नाही. मग मी धावले. मी तेव्हा परकरात होते. आईनं मागून माझे केस धरले, हाताला वेढे देऊन, आणि मला जमिनीवर लोळवलं. म्हणाली, "दोन गेली. तिसरं मी न्हाई देणार." माझ्या डोक्याची कातडी सोलवटली तरी तिनं सोडलं नाही.

म्हणून लिहिते, हे नीट वाच. ऋषिराज अजून उतरला नसेल तर उतरू देऊ नको. उतरला असेल आणि हाक मारून ओ देत नसेल, तर तू त्याच्यामागं उतरू नकोस. किती ओरडला तरी, नाही ओरडला तरी. कुणालाच उतरू देऊ नको. आगीच्या बंबवाल्यांना बोलाव.

कालचं आज सांगते आहे हे मला कळतं. पण लिहिल्यावाचून काय करू?

जोतिबा आला.

काकी

*

हरिपूर रस्ता, सांगली
१६ मे २०२५

ती. काकी,

जोतिबादादांनी तुला सांगितलंच असेल की ऋषिराज जिवंत आहे. आमच्या दाराला कुलूप बघून ते शेजारी विचारत मिरजेच्या दवाखान्यात आले. तुझं पत्र मी तिथल्या व्हरांड्यात उभ्यानं वाचलं. काल त्याला घरी आणलं. उजवा हात थोडा कापतो आणि मध्येच शब्द आठवत नाही, पण डॉक्टर म्हणतात, भरून येईल.

आता तुला झालं तसं सगळं सांगते. जोतिबादादांना जे सांगितलं ते अर्धंच होतं.

रविवारी सकाळी तो उतरला. तळाला पोचल्यावर वर बघून हसला, म्हणाला, हळदीचा वास येतोय अजून. मी बादली सोडली. त्यानं दोन फावडी गाळ भरला. फावडं घातलं तसा तो गाळ बुडबुडत होता, ते मला वरून दिसत होतं. मग म्हणाला, "डोकं जड झालं गं," आणि शिडीकडं वळला. दोन-तीन पायऱ्या चढला असेल. मग हात सुटले आणि तो शिडीला अंग घासत खाली बसला, भिंतीला टेकून. डोळे उघडे होते. मी हाका मारल्या. ओ नाही.

मी शिडीवर पाय ठेवला काकी. एक पायरी, दुसरी पायरी. तोंडाच्या आत कमरेपर्यंत गेले. आणि मला भीती वाटली. दुसरं काही नाही. मला तेव्हा हवेबिवेचं काही ठाऊक नव्हतं. मला त्या पिल्लाचा कमी होत गेलेला आवाज आठवला आणि माझे पायच पुढं जाईनात. मी वर आले. माझा नवरा खाली पडलेला असताना मी परत वर आले.

मग ओरडले. बिराप्पा आले आणि सरळ शिडीकडं धावले. मी त्यांच्या पायांना मिठी मारली. ते म्हणत होते, "सोडा वैनी, मानूस जातोय आत," आणि मी सोडेना. एवढी गल्ली जमली होती. कुणीतरी बाई म्हणाली, "नवरा आत पडलाय आन् ही दुसऱ्याला धरून बसलीया." ते मला ऐकू आलं. तरी मी सोडलं नाही, कारण ते उतरले तर तेही गप्प होणार एवढंच मला दिसत होतं. शेवटी बिराप्पांनी शिवी हासडली आणि दुकानातून भट्टीचा ब्लोअर आणला, लांब पाइप लावून हवा खाली सोडली. बंबवाले आले, त्यांच्यातला एक जण पाठीवर हवेचं नळकांडं लावून उतरला आणि त्यानं ऋषिराजला दोरानं बांधून वर दिलं. ओठ निळे पडले होते. मला तो गेलाच वाटला.

चौथ्या दिवशी दवाखान्यात तो नीट बोलू लागला. पहिली गोष्ट विचारली ती ही, "तू उतरली होतीस का?"

मी म्हणाले, नाही.

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर तो माझ्याशी नीट बोललेला नाही. पाणी दे, गोळी दे, एवढंच. मी खोलीत आले की डोळे मिटून घेतो. काल मी पोटमाळ्यावरून अंथरूण काढत होते, तर हा जागेवरून उठून परसात निघून गेला. माझं तोंड बघवत नसेल त्याला. आता मला त्या पेवाची भीती वाटत नाही, बिराप्पांनी मुरूम टाकून ते पुरं बुजवलंय. मला आता माझ्याच घरात भीती वाटते. इतक्या हौसेनं लावलेलं घर, त्यात आम्ही दोघं चोरासारखे वावरतो.

तुझ्या आईनं तुला धरलं. मला कुणी धरलं नव्हतं, मी आपणच मागं फिरले. मी वाईट बायको आहे का गं?

सृष्टी

*

उंब्रज
२० मे २०२५

चि. सृष्टीस पोटभर आशीर्वाद.

रागावला असेल तर रागावू दे. जिवंत माणूस रागावतो. माझ्या आईचं अन्न मी कित्येक महिने तिच्या हातून घेतलं नाही, मावशीकडून घ्यायची. केस धरले म्हणून नव्हे. नानासो एकटा गेला आणि मी मागं राहिले, याचा राग कुणावर तरी काढायचा होता. तो माझ्यावर काढता येईना, म्हणून तिच्यावर काढला. तुझ्या घरातही तसंच झालं असेल असं मला वाटतं.

आणि वाईट बायको म्हणतेस. त्या दिवशी तू भ्यालीस म्हणून बिराप्पाची बायकापोरं आज सुखानं जेवतात. लोक बोलायचं ते बोलतात. त्यांचं तोंड धरायला आपण थोडेच बसलोय?

जेवत जा. मी ऋषिराजला वेगळं पत्र टाकते आहे. गोड लिहिणार नाही, सांगून ठेवते.

काकी

*

हरिपूर रस्ता, सांगली
२९ मे २०२५

ती. काकींस,

ऋषिराजचा नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. "माझ्या पोरीनं कुणाचा जीव घेतला नाही, वाचवला, आणि तू तिला तोंड दाखवत नाहीस," असं तुम्ही लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं. हात कापतो म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय, आणि एवढं लिहायला मला तीन दिवस लागलेत.

तुम्हा दोघींची समजूत चुकीची झाली आहे. मी बोलत नाही म्हणून ती तशी झाली, म्हणजे चूक माझीच.

मी खाली बसलो तेव्हा माझी शुद्ध लगेच गेली नव्हती. हात उचलेना, जीभ हलेना, पण दिसत होतं. वर उजेडाचं गोल तोंड दिसत होतं. त्यात तिचं पाऊल आलं. बोटातलं जोडवं दिसलं. मग दुसरं पाऊल. ती उतरत होती. मला तोवर कळून चुकलं होतं की इथं खाली आलेला माणूस परत जात नाही. मला ओरडून सांगायचं होतं, येऊ नको. सगळा जीव गोळा करून ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून हवासुद्धा निघाली नाही. तिचं पाऊल पायरीवर टेकलेलं, हे माझं शेवटचं बघणं. मग अंधार. ती परत फिरलेली मी बघितलीच नाही.

जागा झालो तेव्हा ती खाटेशी बसलेली होती. मला वाटलं, म्हणजे ही खाली आलीच, दोघंही गेलो. मग नर्स आली, तिनं सुई टोचली, ती दुखली, तेव्हा जिवंत आहे हे पटलं. तरी तिचं खरं वाटेना. ही माझ्यामागं उतरली असेल, हिलाही ओढून काढलं असेल, हिच्याही आत काही बिघडलं असेल आणि मला सांगत नसतील, असं सारखं वाटायचं. बोलता यायला लागल्यावर पहिलं तेच विचारलं. ती नाही म्हणाली. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण मला रडू फुटलं होतं. शेजारच्या खाटांवर माणसं होती. मी कधी कुणासमोर रडलेलो नाही.

तिनं ते काय समजलं, ते तुमच्या पत्रातून कळलं.

अजूनही ती पोटमाळ्याच्या शिडीवर पाय ठेवते तेव्हा मला ते पाऊल दिसतं. हाक मारता येत नाही. म्हणून मी उठून बाहेर जातो. डोळे मिटले की तेच पुढं येतं आणि या वेळी ती थांबत नाही, खाली येतच राहते. हे मी तिला तोंडानं सांगायला जातो आणि शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणतात शब्द परत येतील. तोवर ती बिचारी काय काय समजत राहील.

म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही तिला लिहा असं सांगणार होतो. पण उंब्रजला जाऊन परत यायला आठवडा जाईल, आणि आता एक दिवसही असा काढवत नाही.

मला अजून पोस्टापर्यंत चालवत नाही. हे पत्र टाकायला मी तिच्याच हातात देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

आपला,
ऋषिराज